निवडीचा पेपर

अकरा जून, बुधवार. कॉलेज उघडायला पाच दिवस होते आणि मी फायलींना ऊन दाखवत होते.

हे दरवर्षीचं काम. उन्हाळ्यात लोखंडी कपाटात कसर लागते, कागद कडेनं खाल्ले जातात. म्हणून जूनमध्ये सगळ्या फायली व्हरांड्यात पसरायच्या, झटकायच्या, डांबराच्या गोळ्या टाकून परत लावायच्या. सीमेलगतच्या तेलुगू राज्यातल्या या कॉलेजात मी कनिष्ठ सहायक आहे. करारावर. बावीस वर्षं करारावरच. हॉलटिकेट, बोनाफाईड, स्कॉलरशिपचे फॉर्म, नोटीस बोर्डावरच्या सूचना, मुलांच्या दरखास्ती म्हणजे अर्ज, सगळं माझ्या हातून जातं.

साडेदहाला वैशाली आली. सोबत तिची आई. दोघी तलमडुगुकडच्या गावातून बसनं आल्या होत्या. वैशाली बीए अर्थशास्त्राची. दुसरं वर्ष संपलेलं, चारही सेमिस्टरला या विषयात वर्गात पहिली. आमच्यातलीच, बौद्धवाड्यातली पोर. आदल्या दिवशी मी बोर्डावर लावलेल्या यादीचा फोटो कुणीतरी तिला मोबाईलवर पाठवला होता.

ती यादी कसली ते आधी सांगते. आमच्याकडे अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला सगळे पेपर ठरलेले असतात. एकच निवडीचा. एक तर संख्याशास्त्र, त्याला कॉम्प्युटरवरचं प्रॅक्टिकल. नाही तर ग्रामीण अर्थव्यवस्था, त्याला काहीच नाही. लॅबमध्ये खुर्च्या पंचवीस, म्हणून संख्याशास्त्राला पंचवीसच मुलं, मार्कांच्या क्रमानं. माहितीपुस्तिकेत तसं छापलेलं आहे. डिग्री दोन्हीकडे एकच मिळते. पण नोकरीच्या जाहिरातीत जिथं लिहिलेलं असतं की पदवीला संख्याशास्त्र असणं आवश्यक, तिथं दुसऱ्या मुलाची डिग्री थांबते.

वैशालीला मंडलाच्या तहसील ऑफिसात सांख्यिकी अधिकारी व्हायचं होतं. पहिल्या वर्षापासून सांगायची. तिच्या गावात एकदा असा अधिकारी आला होता. जीपमधून उतरला नाही. काच खाली करून कापसाचा पेरा विचारला, लिहिला, गेला. ज्वारीचं तर विचारलंच नाही. ते तिच्या डोक्यात बसलं होतं.

यादीत तिचं नाव ग्रामीणमध्ये होतं.

ती मला विचारत होती तेवढ्यात विभागप्रमुख सर बाहेर आले. प्रिन्सिपलचा चार्जही त्यांच्याकडेच आहे. मराठीच माणूस, बाजारातल्या जुन्या दुकानदार घराण्यातला. आवाज कधी चढत नाही. पायरीवर त्यांच्या ओळखीची दोन मुलं बसली होती, तीही बाजारातली, वैशालीच्याच वर्गातली. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तूच लिहून देल्लं न बेटा. आता काऊन इचारून राह्यली?"

"मी नाई देल्लं, सर."

"बाई, हिची दरखास्त काढा."

मी काढली. समोरच उन्हात पडली होती. मजकूर इंग्रजीत होता. सरांनी तो वैशालीकडे दिला नाही. तिच्या आईकडे वळले आणि मराठी करून सांगायला लागले, मोठ्यानं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "पाहा, तुमची पोरगी लिहिते, मले आकडे झेपत नाई. म्हणून मी खुशीनं संख्याशास्त्र सोडतो. खाली दस्तखत हाये."

पायरीवरची मुलं हसली. आईनं पदर सारखा केला.

"लाज वाटाचं कारण नाई," सर म्हणाले. "ज्याचं त्याचं डोकं असते. तुमच्या लोकाईले बोलणं चांगलं जमते. भाषणं जमतात. आकडे नाई जमत. हे मी पंचवीस वर्षं पाहून राह्यलो."

मग त्यांनी कागद वैशालीच्या हातात दिला. तिनं तो वाचला. सही पाहिली. परत वरून वाचला. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी," ती म्हणाली, "हे अक्षर तुमचं हाये."

बोर्डावरच्या सूचना मीच लिहिते. माझं अक्षर कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे.

सर आत जाता जाता म्हणाले की यादी शुक्रवारी संध्याकाळी युनिव्हर्सिटीला जाते, त्यानंतर कुणालाच काही बदलता येत नाही. आई म्हणाली, ती समाजकल्याणच्या ऑफिसात जाईल. सर दारात थांबले, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि आत गेले. मायलेकी निघून गेल्या. मी उरलेल्या फायली झटकल्या. काम अर्धं टाकून चालत नाही.

कोऱ्या कागदाची पद्धत मी सुरू केली. दुसऱ्या कुणी नाही.

खूप वर्षांपूर्वी एका गुड्यातली, म्हणजे आदिवासी पाड्यातली, गोंड मुलगी इथं शिकत होती. तिच्या स्कॉलरशिपच्या कागदावर एक सही राहिली. शेवटचा दिवस. वाटेतल्या ओढ्याला पाणी, बस आली नाही, तिच्याकडे फोन नाही. फॉर्म परत गेला. त्यानंतर ती आलीच नाही. मला ते लागलं. पुढच्या वर्षीपासून मी प्रवेशाच्या वेळी स्कॉलरशिपवाल्या मुलांकडून दोन कोरे कागद घ्यायला लागले, खाली सही केलेले. अडीअडचणीला असू द्या म्हणून. एका सहीसाठी कुणाला तीस-चाळीस किलोमीटर यावं लागू नये म्हणून. मुलं खूश, आईबाप खूश. स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं.

मग पंधरा वर्षांपूर्वी एका जूनमध्ये सरांनी मला पाच हॉलटिकेट नंबर सांगितले. म्हणाले, हे पोरं ग्रामीणमध्ये टाका, त्यांनाच तसं पाहिजे आहे, कागद आहेतच तुमच्यापाशी. या मुलांचे मार्क चांगले होते. स्वतःहून सोडल्याशिवाय त्यांना यादीतून काढता येत नव्हतं. तेव्हा मी एकदा विचारलं होतं, मुलांशी बोललात का? ते म्हणाले, बोललो. मी लिहिलं. मजकूर त्यांनी सांगितला, शब्द न् शब्द. पुढच्या वर्षी मी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मजकूर मला पाठ होता.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. यादी मीच टाइप करते. संख्याशास्त्रात बाजारातली आडनावं, ग्रामीणमध्ये वाडा, गुडा आणि तांडा. आडनावं वाचायला डिग्री लागत नाही. मुलं विचारायला आली की मी म्हणायचे, वरून आलं आहे. बहुतेक मुलं तेवढ्यावर जायची. आमच्या मुलांना वरून आलेलं फार लवकर पटतं.

मला तर ते सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

तीस वर्षांपूर्वी मी इंटर, म्हणजे बारावी, पास झाले. गणित घेऊन. वाड्यातली पहिली मुलगी. प्रवेशाला वडील आले होते, धुतलेला सदरा घालून. ते कॉलेज दुसरं होतं, टेबल असंच होतं. टेबलामागच्या माणसानं माझं नाव वाचलं, मग मार्क वाचले, मग परत नाव वाचलं. मागं पंधरा-वीस जणांची रांग. तो म्हणाला, "मार्क कुठून आणले गं? अन् आकडे शिकून करशील काय, गवऱ्या मोजशील?"

रांग हसली. मला त्या हसण्यातला एकेक आवाज आजही वेगळा ऐकू येतो, पण ते असो. त्यानं माझ्या फॉर्मवर अर्थशास्त्र खोडून इतिहास लिहिला आणि बोटानं सहीची जागा दाखवली. मी वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, साहेब म्हणतात ते बरोबर असेल, कर सही. मी केली. वडिलांनी त्या माणसाला हात जोडले. गवऱ्या मोजशील म्हणणाऱ्याला.

डिग्री झाल्यावर पाहणीच्या कामासाठी माणसं घेण्याची एक जाहिरात निघाली. गावोगाव फिरायचं, माहिती गोळा करायची, तक्ते करायचे. मी फॉर्म भरला. फॉर्म परत आला. लाल पेनानं तीन शब्द: आवश्यक विषय नाही. मी दुसऱ्यांदा कुठं फॉर्म भरला नाही. टायपिंग शिकले. आणि एक ठरवलं होतं, की टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसायचं.

बसले. बसून हेच केलं.

तीन वाजता सरांनी बोलावलं. खोलीत गेले तर म्हणाले, "बसा बाई."

बावीस वर्षांत या खोलीत मी बसले नव्हते. खुर्ची त्यांनी स्वतः पुढं ओढली. चहा आला, बशीत बिस्किटं आली. पंखा फिरत होता. मला त्या चांगुलपणाचीच भीती वाटली. शिवी दिली असती तर मी तिथं उभी राहायला शिकलेली आहे.

आधी त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग उन्हाची. मृग लागून चार दिवस झाले, आभाळात काही नाही, वगैरे. मग त्याच आवाजात म्हणाले, "त्या पोरीचा दुसरा कोरा कागद असंल तुमच्यापाशी."

"हाये."

"त्याच्यावर लिहा. माहा गैरसमज झाला होता, माही काही तक्रार नाई, मले ग्रामीणच पाह्यजे. तारीख आजची टाका. तिची माय कोण्या ऑफिसात गेली तं आपल्यापाशी कागद पाह्यजे."

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

"जुलैत तुमच्या कराराची फाईल कमिटीपुढं जाते. मी चांगलंच लिहीन. दरसाली लिहितो." मग चहाचा घोट घेतला. "अन् एक सांगू का बाई? उद्या चौकशी झाली, तं सगळ्या कागदाईवर अक्षर कोणाचं निघंल? मी तुमाले कधी लेखी सांगतलं का?"

नाही. कधीच नाही. मी मनात बावीस वर्षं उलटी फिरवली. एक चिठ्ठी नाही, एक मेसेज नाही. हॉलटिकेट नंबरसुद्धा ते तोंडी सांगायचे आणि मी पेन्सिलनं टिपून घ्यायचे. दरखास्तीवर मुलाची सही, मजकूर माझा. त्यांचा शिक्कासुद्धा मीच मारते.

"पोरीईचं भलंच पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "पेपर अवघड हाये. नापास झाली तं लगीन मोडते, घरचे शिक्षण बंद करते. हे तुमाले सांगा लागते का? उद्या दहाच्या आत ठेवा टेबलावर."

मी "बरं" म्हणाले. सवयीनं. तोंडातून निघून गेलं.

बाहेर येऊन मी फायली परत लावायला घेतल्या आणि लावता लावता एकेक उघडली. ज्या दरखास्तींत आकडे झेपत नाहीत असं लिहिलं होतं, त्या वेगळ्या काढून सतरंजीवर मांडल्या. एक्केचाळीस निघाल्या. सह्या तऱ्हेतऱ्हेच्या, तेलुगूतल्या, मराठीतल्या, एक-दोन इंग्रजी शिकल्या-शिकल्याच्या. वाक्य एकच. एक्केचाळीस मुलांना एकाच शब्दांत आकडे झेपत नव्हते. त्यातली काही मला ठाऊक आहेत. एक बोथ गावी कापसाच्या काट्यावर हमाल आहे. एक माझ्याच गल्लीत शिवणकाम करते, बासरच्या देवळापुढं एकदाही गेलेली नाही. भेटली की अजून मला नमस्कार करते.

नऊ दरखास्ती या वर्षीच्या होत्या.

मी हे करत असताना सर दोनदा व्हरांड्यातून गेले. सतरंजीकडे पाहिलं. अटेंडरनं खिडक्या लावल्या तरी त्यांची गाडी फाटकाशी उभीच होती.

पाचच्या बसनं मी वैशालीच्या गावी गेले. तिचा दुसरा कोरा कागद पर्समध्ये होता. का नेला ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. टेबलावर ठेवून जायची मात्र हिंमत झाली नाही.

आई अंगणात जळणासाठी कापसाच्या पऱ्हाट्या रचत होती. मला पाहून तिनं काम थांबवलं नाही. शेवटची पेंढी लावून मग हात पुसले. आतून तांब्या आणला. माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "तुमी तं मोठ्या माणसात बसता बाई. आमच्या घरचं पानी चालते न?"

हे तिनं बाजारातल्या कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. ती माझ्याच समाजातली, विहारात तीच वंदना म्हणणारी बाई. मी पाणी प्यायले. तिनं तांब्या परत घेतला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"वैशालीचा बाप इचारून राह्यला," ती म्हणाली. "कोऱ्या कागदावर सही देल्लीच काऊन, म्हंते. माही पोरगी किराणाची चिठ्ठी वाचल्याबिगर घेत नाई. म्या सांगतलं त्याले. म्हटलं, टेबलापाशी आपली बाई बसली होती."

मी पर्स मांडीवर घेतली.

वैशाली दारात येऊन उभी राहिली. मी पर्समधून कागद काढून तिला दिला आणि सरांनी त्यावर काय लिहायला सांगितलं ते सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्ची, चहा, कराराची फाईल. पंधरा वर्षांत किती लिहिले तेही सांगितलं. तिनं कागद उजेडाकडे धरला, मागून-पुढून पाहिला. खाली तिची दोन वर्षांपूर्वीची सही, थोडी तिरकी.

"आमच्या वर्गातले किती हायेत, मावशी?"

"नऊ. तुह्यासंग."

"त्याईचं काय करता?"

मी म्हटलं, आधी तुझं पाहू, तुझे मार्क सगळ्यात जास्त आहेत, तुझं लवकर होईल.

"माहं एकटीचं नीट करसान तं मी येत नाई," ती म्हणाली. "मंग सर म्हंतीन, एक पोरगी हुशार होती, बाकीच्याईले खरंच झेपत नव्हतं."

वीस वर्षांची पोर. मला हे बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आईला वाटलं असावं की मी आता रडेन. ती म्हणाली, "रडू नोका बाई. उद्या काय करता ते सांगा."

मी सांगितलं. बोलता बोलताच ठरत गेलं. बाकीच्या आठांचे फोन नंबर माझ्याकडे होते. वैशालीनं तिथूनच दोघांना फोन लावले, उरलेले मी लावले. एका मुलाच्या बापानं मला फोनवरच दोन गोष्टी ऐकवल्या. ऐकून घेतल्या.

सात वाजता परतीच्या बससाठी रस्त्यावर उभी होते. फोन वाजला. सर.

"कुठं गेल्ता बाई?"

मी म्हटलं, काम होतं.

"तलमडुगुच्या बसमंदी दिसल्या म्हंते कोणी." मग म्हणाले, "आपला इलाका लहान हाये. कोणी ना कोणी दिसतेच. सांभाळून या."

फोन ठेवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूला नांगरलेली कोरडी रानं, माणूस नाही. लांबून एक मोटारसायकल आली, माझ्याजवळ हळू झाली, आणि गेली. कुणाची होती मला ठाऊक नाही. बस येईपर्यंत मी पर्स पोटाशी धरून उभी होते. बस आल्यावर पहिल्याच सीटवर बसले, ड्रायव्हरच्या मागं. मला भीती वाटत होती. ती अजून गेलेली नाही. भीती गेल्यावर करू म्हटलं असतं तर हे कधीच झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ऑफिस उघडलं. चावी माझ्याकडे असते. कपाटातून सगळ्या वर्गांचे सह्या केलेले कोरे कागद काढले, वर्गवार गठ्ठे बांधले. नोटीस बोर्डावर सूचना लिहिली: प्रवेशाच्या वेळी दिलेले कोरे कागद ज्याचे त्यानं येऊन घेऊन जावेत, यापुढं कॉलेजला कुणीही कोऱ्या कागदावर सही देऊ नये. खाली माझं पूर्ण नाव आणि पद.

साडेआठपर्यंत नऊही जण आले. एका मुलाला त्याच्या काकानं मोटारसायकलवर आणलं, वैशालीसोबत तिची आई आली. मी त्यांना माझ्या अक्षरातल्या दरखास्ती दाखवल्या. प्रत्येकाला एक कागद दिला आणि म्हटलं, तुम्हाला कोणता पेपर पाहिजे ते लिहा, तुमच्या भाषेत, तुमच्या हातानं. सात जणांनी संख्याशास्त्र लिहिलं. दोघांनी ग्रामीण लिहिलं, त्यांना खरंच तेच पाहिजे होतं. तांड्यावरची एक मुलगी लिहून झाल्यावरही पेन सोडेना. तीनदा वाचलं, मग दिलं. सातांपैकी पाच मार्कांनी पंचविसात येत होते. दोघं येत नव्हते; वरची मुलं काढल्यावर ते यादीत सरकले असते, म्हणून त्यांचेही कागद माझ्याकडून भरून घेतले होते. त्यांना मी तसं तोंडावर सांगितलं. ते चिडले नाहीत. एक जण म्हणाला, मार्कानं गेलं तं चालते, मॅडम.

नऊही दरखास्ती मी आवक रजिस्टरला चढवल्या, नंबर टाकले, शिक्के मारले, प्रत्येकाला पोच दिली. आवक रजिस्टरचं पान फाडता येत नाही. पानांना छापील नंबर असतात.

मग दहावी नोंद माझी. मी लिहिलं:

"सोबतच्या एक्केचाळीस दरखास्तींवरचा मजकूर माझ्या अक्षरातला आहे. विद्यार्थ्यांनी तो लिहिलेला नाही, त्यांना तो दाखवलेला नाही, त्यांना विचारलेलं नाही. मी तो विभागप्रमुखांच्या तोंडी सांगण्यावरून लिहिला. चूक आहे हे कळत असताना लिहिला. माझी चौकशी करावी. त्यांचीही करावी."

सही केली. तारीख टाकली. तीन प्रती काढल्या. एक युनिव्हर्सिटीला, एक समाजकल्याणला. पोस्ट उघडताच वैशालीची आई दोन्ही पाकिटं रजिस्टर करून आली आणि पावत्या माझ्या टेबलावर ठेवल्या. माझ्याबद्दल तिचं मत बदललं आहे असं मला वाटत नाही. बदलावं असं काही मी अजून केलेलंही नाही. एक्केचाळीसमधल्या बत्तीस जणांचं तिसरं वर्ष कधीच होऊन गेलं. त्यांना मी काहीही परत देऊ शकत नाही.

पावणेदहाला तिसरी प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. ते आले, उभ्यानंच वाचली. मग बसले आणि परत वाचली. पहिल्यांदाच मी त्यांच्या मानेवर घाम पाहिला.

"उद्यापासून तुमी येऊ नोका," ते म्हणाले. आवाज तसाच, खालचा.

मी म्हटलं, "लेखी द्या. पोच देतो मी. तोंडी सांगतलेलं मी आता काहीच करत नाई."

ते माझ्याकडे पाहत राहिले. हात पेनाकडे गेला नाही. मी वाट पाहिली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले, मग दहा वाजून पाच झाले. त्यांनी लेखी काही दिलं नाही.

मी बाहेर आले. नऊही जण व्हरांड्यातच होते. मी कॉम्प्युटर चालू केला, मार्कांचा तक्ता समोर ठेवला आणि शुक्रवारची यादी पहिल्या नावापासून टाइप करायला घेतली.